बैल सुटलेली मोटर आणि आर्वीतलं रिवाइंडिंगचं दुकान

ज्यांना फक्त कामाचं हवं आहे त्यांच्यासाठी आधी तेवढं सांगतो. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, वेल्डिंगवाल्याला लागून, मोटरी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत तांब्याची तार नव्याने गुंडाळायचं एक दुकान आहे. पाटीवरचा रंग उडालाय, तेव्हा दारात पडलेल्या उघड्या मोटरींवरून ओळखा. माझी विहिरीवरची ३ एचपीची मोनोब्लॉक तिथे भरून घेतली. ४,६०० रुपये सांगितले. जुन्या तांब्याचं वजन माझ्यासमोर केलं, ते पैसे वजा जाऊन खिशातून ३,२०० गेले. मोटर चौथ्या दिवशी हातात. डिसेंबरात भरली, त्यानंतर गहू निघाला, उन्हाळी फल्ली (भुईमूग) निघाली, ती अजून उघडावी लागलेली नाही.

पण एवढ्यासाठी मी लिहायला बसलो नसतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं मराठी शिकवली. शब्दाचा अर्थ कुठून येतो, हा प्रश्न नोकरीभर माझ्यासोबत होता, आणि त्याचं सगळ्यात चांगलं प्रात्यक्षिक मला निवृत्तीनंतर ग्रीसने माखलेल्या एका बाकावर बसून पाहायला मिळालं.

हीच मोटर त्याआधी दोन वर्षांत दोनदा जळली होती. दोन्ही वेळा दुसरीकडे भरली. तिथे विचारलं, कशाने जळली? "लाईनचा प्रॉब्लेम." एवढंच. मी पैसे दिले, मोटर बंडीत टाकली, घरी आणली. लाईनचा म्हणजे कोणता, माझ्या हातात काय आहे, परत होऊ नये म्हणून काय करू, यातलं काही कळलं नाही. शब्द होते, त्यातून अर्थ काही निघत नव्हता. तिसऱ्यांदा मोटर जळली ती चण्याला पाणी देताना, रात्रीच्या लाईनवर. या वेळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आर्वी गाठली.

दुकानदार पन्नाशीचे असतील. त्यांनी मोटर उघडली, स्टेटर, म्हणजे तार गुंडाळलेला न फिरणारा भाग, माझ्याकडे वळवला आणि बोट फिरवत गेले.

"पाहा गुरुजी. दोन काया, एक पिवयी. पुन्हा दोन काया, एक पिवयी. साऱ्या गोलात असंच."

खरंच तसं होतं. कॉईलींचे दोन जुडगे कोळशासारखे आणि मधला एक जुडगा नव्या तारेसारखा चकचकीत.

"रातची जयली ना? तुमच्या बंडीले तीन बैल व्हते. एक जू सोडून पयाला. बंडी चढावर. बाकीच्या दोघायनं रातभर तशीच ओढली. जो पयाला तो हा पिवया. जे ओढत रायले ते हे काये."

मी नुसता पाहत राहिलो. दोन वर्षं "लाईनचा प्रॉब्लेम" ऐकून जे कळलं नव्हतं ते एका दमात कळलं. थ्री फेज म्हणजे तीन तारा, तिघी मिळून मोटर फिरवतात. डीपीवरचा, म्हणजे शेताजवळच्या ट्रान्सफॉर्मरवरचा एक फ्यूज उडाला, एक तार मेली. मोटर थांबली नाही, कारण ती फिरतीवर होती. विहिरीतलं पाणी तेवढंच वर ढकलायचं होतं, ओझं कमी झालेलं नव्हतं. उरलेल्या दोघींनी ते ओढलं आणि ओढता ओढता त्या जळाल्या.

आता यातली गंमत बघा. तीन बैलांची बंडी मी जन्मात पाहिलेली नाही. बंडीला बैल दोन. जड नांगराला चार, सहा. तिफनीला फण तीन, पण ओढणारे बैल दोनच. म्हणजे त्यांनी मला माहीत असलेली बंडी दाखवलीच नव्हती. बंडीतून जू, चढ आणि दमणं घेतलं, मोटरीतून तीन हा आकडा घेतला, आणि जी ना वावरात असते ना दुकानात, अशी एक तिसरीच बंडी माझ्यासमोर उभी केली. तिच्यात दमलेला बैल जळून काळा होतो. बैल कधी जळत नाही आणि तार कधी दमत नाही. तरी "दमून काळा झालेला बैल" मला पटला, आणि मोटरीबद्दल मला जे कळायला हवं होतं ते सगळं त्याच्यात होतं.

शाळेत आम्ही शब्दशक्ती शिकवायचो. अभिधा, लक्षणा, व्यंजना. लक्षणेचं ठरलेलं उदाहरण, "बाबा ताटावर बसले." ताटावर कोणी बसत नाही, मूळ अर्थ अडतो, म्हणून मन शेजारचा अर्थ घेतं: जेवायला बसले. मुलांना हे लगेच कळायचं. पण तीन बैलांच्या बंडीला लक्षणा पुरत नाही. इथे शेजारचा अर्थ उचलून काम भागलं नाही, कुठेच नव्हता तो अर्थ तयार झाला.

निवृत्तीनंतर मी या विषयाचं थोडं वाचलं आहे. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या अमेरिकन अभ्यासकांनी १९८० साली मांडलं की रूपक हा भाषेवरचा दागिना नसून विचार करायची आपली रीतच ती आहे, ओळखीच्या गोष्टीवरून आपण अनोळखी गोष्ट समजून घेतो. पुढे झिल फोकोनिये आणि मार्क टर्नर यांनी त्यात मोठी भर घातली, २००२ साली त्यावर सविस्तर पुस्तकही लिहिलं. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत असं. बोलताना-ऐकताना मन छोटे छोटे तात्पुरते मांडव घालतं. एका मांडवात बैल, एकात मोटर. दोन्हीकडचं थोडं थोडं उचलून तिसरा मांडव उभा राहतो, आणि या तिसऱ्यात अशा गोष्टी घडतात ज्या पहिल्या दोघांत नव्हत्या. त्याला ते संकल्पनांचं संमिश्रण म्हणतात. या विषयात नेहमी दिलं जाणारं उदाहरण आपल्याकडेही बोललं जातं: "तो डॉक्टर कसला, खाटीक आहे." खाटीक आपल्या कामात तरबेज असतो. सर्जनही शिकलेला असतो. मग या वाक्यातला बिनकामाचा, हात न चालणारा माणूस आला कुठून? दोघांपैकी एकातूनही नाही. खाटकाची रीत घेऊन माणूस बरा करायला निघालेला, असा जो तिसराच जीव आपण मनात तयार केला, त्याच्यातून आला.

हे वाचलं तेव्हा पटलं होतं, पण पुस्तकातलं पटणं होतं. दुकानात ते माझ्या स्वतःच्या डोक्यात घडलं. चढावर ओझं जड लागतं, बैल फेस गाळतो, थांबला तर परत उठवणं कठीण, हे दुकानदारांनी एका शब्दाने सांगितलं नाही. ते माझ्याजवळ होतंच, नाव काढताच आपोआप येऊन बसलं. आणि मग मी ती बंडी मनात चालवून पाहिली. विचारलं, "आणि मोटर बंद असताना एक फेज गेला, मग चालू केली तर?"

ते म्हणाले, "तुमीच सांगा."

मी सांगितलं. चालती बंडी दोघं ओढत नेतील, पण चढावर उभी असलेली त्यांच्याने हलणार नाही. जागच्या जागी जोर लावत राहतील.

"बस! मोटर नुसती हुं हुं करन, फिरन नायी. अन् तशी ठेवली तं पाच मिनिटात धूर."

विजेचं शिक्षण नसलेला मी विजेबद्दल बरोबर उत्तर देऊन बसलो होतो, तेही बैलांना विचारून. एकतीस वर्षांत वर्गात असा क्षण फार थोड्या वेळा आला, तेव्हा त्याची किंमत मला कळते. माणसाने मला उत्तर दिलं नाही, उत्तर काढायचं अवजार दिलं.

बैल कुठे चुकतात हेही लिहितो, नाहीतर हे परीक्षण अपुरं राहील. तिघांचं ओझं दोघांवर आलं तर बैलांच्या हिशेबाने प्रत्येकावर दीडपट. म्हणजे जी मोटर ५ अँपिअर घेते ती साडेसात घेईल. दुकानदारांनी मान हलवली. "नायी जी. टाँग टेस्टर लावून पाह्यलं, साडेआठच्या वर जाते." टाँग टेस्टर म्हणजे तारेभोवती धरून प्रवाह मोजायचा मीटर. विजेच्या नियमाने ते बरोबर आहे, प्रवाह साधारण १.७३ पट होतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्या दोन जुडग्यांत तिप्पट. म्हणून तर रात्र काढायचीही त्यांची ताकद राहत नाही. बैल दिशा दाखवतात, माप मीटरनेच घ्यावं लागतं.

आमचं बोलणं ऐकत बसलेल्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने तर बैलांवरून भलतंच अनुमान काढलं. म्हणाला, मग मी तीनच्या जागी पाचची घेतो, बैल तगडे पाहिजेत. दुकानदारांनी तिथल्या तिथे थांबवलं. पाचच्या मोटरीला पंपही मोठा येतो, ओझंही मोठं. "मोठा बैल लावसान तं मोठा बैल जयन. खर्च वाढन तेवढा." हे मला फार आवडलं. स्वतःच जोडलेली बंडी कुठे थांबवायची हेही त्यांना ठाऊक होतं.

जाता जाता एक. त्या मोटरीच्या पाटीवर एचपी लिहिलंय, म्हणजे घोडे. जेम्स वॅटला अठराव्या शतकात आपली वाफेची इंजिनं घोड्यांवर गिरण्या चालवणाऱ्या लोकांना विकायची होती. त्याने एका घोड्याच्या कामाचा हिशेब मांडला, मिनिटाला ३३,००० फूट-पौंड, आज आपण ७४६ वॅट म्हणतो ते. तोही गिऱ्हाइकालाच समजावत होता. तेव्हा पाटीवर घोडे आणि दुकानात बैल, हे मला मुळीच वावगं वाटलं नाही.

मोटर भरून झाली त्या दिवशी मी घेऊन जायला गेलो तर व्हार्निश लावलेला स्टेटर कोपऱ्यात आणि त्याच्या पोटात दोनशेचा बल्ब पेटलेला. मी म्हटलं, आज नेऊ का? गहू सुकतोय. ते हातातलं काम न थांबवता म्हणाले, "बायंतीण हाये गुरुजी. शेक चालू हाये."

मी पुढे एक शब्द बोललो नाही. का बोललो नाही, याचा एसटीत बसून विचार केला. ओल राहिली तर व्हार्निश धरत नाही आणि कॉईल परत शॉर्ट होते, हे कारण त्यांनी सांगितलंच नव्हतं. पण बाळंतीण म्हटल्याबरोबर खोलीतल्या सगळ्यांना आपापली जागा मिळाली. बल्ब शेगडी झाला. दुकानदार सुईण झाले. आणि लवकर उठव, कामाला लाव, असं म्हणणारा मी? बाळंतिणीला घाई करणाऱ्या सासूला आमच्याकडे कोणी बरं म्हणत नाही. मोटरीच्या दुकानात सासू नसते. बाळंतिणीच्या खोलीत व्हार्निश नसतं. दोन्ही एकत्र येताच सासू कुठूनशी येऊन उभी राहिली, आणि कोणी नाव न घेता मी चूप झालो. शिस्त, उपाय, कारण, लाज, सगळं एका शब्दात. दोन दिवसांनी गेलो तेव्हा मोटर तयार होती.

दुसरा प्रसंग माझ्या शेजाऱ्याच्या मोटरीचा, साडेसातची, डेल्टा जोडणीची, म्हणजे तिन्ही जुडगे त्रिकोणात जोडलेली. ती घेऊन मीच त्याच्यासोबत गेलो, कारण बैल मला आता पाठ होते. उघडून पाहतो तर उलटंच: एक जुडगा काळा, दोन चांगले! मी म्हटलं, यात काय दोन बैल पळाले?

"डेल्टात बैल जुंपाचेच नायी जी. इथं जत्रा घ्या." आणि त्यांनी खडूने फरशीवर त्रिकोण काढला. तीन कोपऱ्यांत तीन गावं, मधल्या तीन रेघा म्हणजे वाटा. कौंडण्यपूरच्या जत्रेसारखी गर्दी, तिन्ही गावांत बाहेरून लोक येतात, जातात. आता एका गावाचा बाहेरचा पूल वाहून गेला. उरल्या दोन गावांत ये-जा तर व्हायचीच. त्यांच्यामधली सरळ वाट एक, आणि पूल तुटलेल्या गावावरून फेऱ्याची वाट दुसरी, दुप्पट लांब. "सांगा, गर्दी कोन्या वाटेनं जाइन?"

सरळ वाटेने. फेऱ्याच्या वाटेपेक्षा दुप्पट. तीच वाट उखडली, तोच काळा जुडगा.

इथे मला त्या माणसाची खरी किंमत कळली. स्टारला, म्हणजे माझ्या मोटरीसारख्या जोडणीला बैल, डेल्टाला जत्रा. एकाच गोष्टीसाठी दोन वेगळी चित्रं, आणि कोणतं कधी काढायचं याची पक्की जाण. डेड्रे गेंटनर आणि डोनाल्ड गेंटनर या अभ्यासकांनी १९८३ साली विद्यार्थ्यांवर नेमकं हेच तपासलं होतं. वीज म्हणजे वाहतं पाणी असं समजणाऱ्यांना बॅटऱ्यांचे प्रश्न जास्त चांगले सुटले, आणि वीज म्हणजे धावती गर्दी असं समजणाऱ्यांना रोधाचे, म्हणजे प्रवाह अडवणाऱ्या भागांचे. म्हणजे मनातलं चित्र नुसतं समजावण्यापुरतं नसतं, त्याच्या जोरावर माणूस बरोबर किंवा चूक उत्तर काढतो. आपली पाठ्यपुस्तकं प्रवाह आणि दाब हे दोन पाण्याचे शब्द देऊन मोकळी होतात. कोरडवाहू गावातल्या पोरांना बैल आणि जत्रा मिळाली असती तर किती जणांचं विज्ञान सुटलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

हे आमच्या मातीला नवं नाही. वर्धा नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ झालंय. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी आपल्या शिष्यांना असेच दृष्टांत देत. त्याच पंथाच्या केसोबासांनी त्यातले ११४ गोळा केले, आणि प्रत्येकाची मांडणी तीन भागांची ठेवली: सूत्र, दृष्टांत, दार्ष्टांतिक. आधी सांगायची गोष्ट, मग चित्र, मग त्या चित्रातलं काय कशाशी जुळतं ते. आर्वीच्या दुकानात मला हेच क्रमाने मिळालं, फक्त दार्ष्टांतिकाच्या जागी जळालेली कॉईल होती.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, हात कामात असतात हे मान्य, पण वीस किलोमीटरवरून एसटीने येणाऱ्याला "झाली का" एवढं तरी कळायला हवं. छापील बिल नाही, हिशेब भिंतीवर खडूने. हमी तोंडी. रब्बीत नंबर लागायला चार-पाच दिवस जातात. मोटर घरपोच देत नाहीत. बसायला एकच बाक आहे आणि तोही मोटरींनी भरलेला. या सगळ्यासाठी पाचातला एक तारा कापतो. उरलेले चार मनापासून.

एक फायदा मात्र पैशात सांगता येतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा स्टार्टर मागवून घेतला. आतला ओव्हरलोड रिले कोणीतरी डायरेक्ट केलेला होता. जो बैलांचा दम पाहून बंडी थांबवायचा, तोच झोपवून ठेवला होता. त्यांनी तो चालू केला, आणि सोबत सिंगल फेज प्रिव्हेंटर लावायला सांगितलं. "हा सालगडी समजा. एक बैल सुटला का बाकीच्यायचं जू लगेच काढून टाकन. रातभर जागते, चहा मागत नायी." मी लावला.

मागच्या आठवड्यात मी लग्नाला पुलगावला होतो. संध्याकाळी घरून फोन. "अहो, मोटर उभी आहे. दोनच बैल आले वाटते आज, सालगड्यानं जू काढलं. मी लाईनमनला सांगून ठेवलं." सौ. त्या दुकानात एकदाही गेलेली नाही. प्रिव्हेंटरची लाल खूण पाहून, डीपीकडे न जाता, तिने हे वाक्य बोललं, आणि ते तंतोतंत खरं निघालं. डीपीवरचा एक फ्यूज उडालेला होता. आमच्या घरात आता "बैल पुरे आले का?" म्हणजे थ्री फेज लाईन आली का. नातू तर मोबाईल चार्ज होत नसला तरी बैल मोजतो. त्याला सांगावं लागलं की घरच्या लाईनीला बैल एकच असतो.

मोटर नेणार असाल तर स्टार्टरही सोबत न्या, आणि जळाली तेव्हा ती फिरतीवर होती की चालू करताना जळाली, ते आठवून जा. तिथे पहिला प्रश्न हाच विचारतात. पोळ्याचे दोन दिवस दुकान बंद असतं.